तापणाऱ्या टँकरचे अधिकृत निदान

पाण्याचा टँकर चढावर तापतो, ही तक्रार आमच्या वाहन खात्याने अत्यंत गांभीर्याने घेतली. टँकर रोज तापत राहिला, पण गांभीर्यात आम्ही कुठेही कसूर केली नाही.

टँकरच्या चालकाला खात्यात सगळे वाफारे म्हणत. टेकडीवरच्या वस्तीला नळ नव्हता. टँकर पोचला तरच तिथल्या बादल्या भरत. वाफारेंचे घरही तिथेच. लेक तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली होती. "बाबा, दुपटी धुवायला थेंब नाही हो," असा तिचा फोन आला, की वाफारे तडक वर्कशॉपच्या साहेबांपुढे उभे राहत.

"साहेब, रेडिएटरचा पाइप फुटलाय. कूलंट गळतंय, काटा लाल रेघेवर जातो."

साहेबांनी खिडकीतून पाहिले. टँकरखाली हिरवट डबके होते. साहेब रोज ते ओलांडूनच आत येत, आणि शिपायाने तर त्यावर सोयीसाठी फळीही टाकली होती. पण दिसणे वेगळे आणि निदान वेगळे.

"आत्ता काटा कुठे आहे?"

"आत्ता गाडी थंड आहे ना, साहेब!"

"मग दोष कुठे आहे? थंड गाडी निर्दोष समजायची, असा नियम आहे. तापवून आणा."

वाफारेंनी टँकर चढावर नेऊन तापवून आणला. बॉनेटमधून वाफ फुसफुसत होती. साहेब चार पावले मागे सरकले.

"आता बघा!"

"वेड लागलंय का? गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नसतं. जिवाशी खेळ आहे तो. आधी थंड होऊ द्या."

टँकर थंड झाला, म्हणजे अर्थातच निर्दोष झाला. असे बरेच दिवस चालले. दोन्ही नियम चोख होते, त्यामुळे दाद मागायची कुणाकडे हेच वाफारेंना कळेना.

"निदान रेडिएटरमध्ये पाणी तरी ओतू द्या," ते काकुळतीला आले. "मागे टाकी भरलेली आहे."

साहेब दुखावले. टाकीतले पाणी पाणीपुरवठा खात्याचे आणि रेडिएटर वाहन खात्याचा. "परक्याच्या पाण्याला हात लावू? तुम्ही मला ओळखलंच नाही, वाफारे."

अखेर तज्ज्ञांची समिती बसली. तिने वाफारेंचेच शब्द नीट वाचले. काटा लाल रेघेवर जातो, ही तक्रार. म्हणजे दोष रेघेचा. दुसऱ्याच दिवशी रंगारी बोलावून काट्यामागची तबकडी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी करून घेतली. मग लगेहाथ सगळ्याच गाड्यांच्या तबकड्या रंगवल्या. त्यानंतर आमच्या खात्यात एकही इंजिन तापले नाही. साहेबांचा सत्कार झाला आणि भाषणात त्यांनी सगळे श्रेय नम्रपणे समितीला दिले.

त्याच आठवड्यात हिरव्या तबकडीचा तो टँकर अर्ध्या चढावर धाडकन बंद पडला. इंजिन जाम झाले होते. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन धावत खाली आल्या, त्यांत वाफारेंची लेकही होती. मंजूर ठिकाणाशिवाय तोटी उघडायची नाही, हे वाफारेंना पाठ होते. त्यांनी तोटी उघडली. रस्त्याच्या कडेला लोक मोबाइल काढून उभेच होते.

वाफारे निलंबित झाले. कारण एकच: टँकरमधून झालेली पाण्याची गळती. गळती खात्याच्या लक्षात येण्याची ही पहिलीच वेळ.

"पण साहेब, इंजिन आधीपासून तापत होतं. सगळ्यांनी बघितलंय!" चौकशीत वाफारे ओरडले.

साहेबांनी शांतपणे मोबाइल पुढे केला. वाफेत बुडालेला टँकर आणि भर रस्त्यात कपाळाला हात लावून बसलेले वाफारे. तो व्हिडिओ तुमच्याकडेही आला होता. तुम्ही खाली तीन हसरी तोंडे टाकून तो पुढे पाठवलात. "हजारो नागरिकांनी बघितलंय, वाफारे," साहेब म्हणाले, "आणि तक्रार एकाचीही नाही. सगळे खूश आहेत."

नोकरी गेली ती त्याच पुराव्यावर.