गुलाबरावांची बेरीज

आमच्या गल्लीत गुलाबरावांना "बरं चाललं आहे" असे कोणी सांगत नाही. सांगितले, की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "कशावरून?" या प्रश्नाचे उत्तर जवळ नसलेला माणूस जागीच उभा राहतो, आणि अकोटच्या उन्हात त्याच्या हातातली दुधाची पिशवी तापत जाते.

गुलाबराव अकोल्यातील एका सरकारी कार्यालयात आकडेवारीच्या विभागात होते. निवृत्त झाल्यावर ते अकोटला परतले आणि माझे शेजारी झाले. मी येथील शाळेत भूगोल शिकवत असे. त्यामुळे आमच्या गप्पा नकाशापाशी सुरू होतात आणि तक्त्यापाशी संपतात. त्यांचा छंद एकच, गावांना गुण देणे. जनगणनेच्या पुस्तिका, जिल्ह्याचे वार्षिक समालोचन, नगरपालिकांचे अहवाल, म्हणजे जे कोणालाही मिळू शकते आणि कोणीही वाचत नाही, ते सारे त्यांच्या कपाटात आहे. पाणी, दवाखाने, शाळा, वीज, रेल्वे, एसटीच्या फेऱ्या आणि उन्हाळा, या सर्वांचे मिळून शंभर गुण. पस्तिसाच्या आत गाव नापास.

"लोकं गाव पाहाले जातेत अन् देऊळ पाहून येतेत," ते मला म्हणतात. "बाई, गाव तं तक्त्यात रायते."

या छंदापायी त्यांचा गोतावळा बराच आटोपशीर झाला आहे. एका वर्षी उन्हाचे गुण कापल्यामुळे अकोला अमरावतीच्या मागे पडले. अकोल्याचा मेहुणा घरी येऊन भांडला.

"भाऊजी, ऊन काय मी पाडतो?"

"तुया दोष नाई बावा. पण तू रायतं तं तिथंच ना?"

अमरावतीच्या साडूंनी आनंदाने पेढे पाठवले. पुढच्या वर्षी अमरावतीचेही गुण उतरले, तेव्हा साडूंनी बोलणे बंद केले. मेहुणा आणि साडू यांची मात्र तेव्हापासून चांगली मैत्री आहे.

तरीही लोक त्यांच्याकडे येतात, विशेषतः मुलींचे वडील. आमच्या भागात पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचे पाणी खारे आहे. त्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. म्हणून मुलगी देण्यापूर्वी पाण्याची चौकशी करणे ही येथील जुनी रीत आहे. असेच एक गृहस्थ सांगत होते, "मुलगा इंजिनिअर हाये जी, लय हुशार."

"मुलाचं राहू द्या," गुलाबराव म्हणाले. "मुलगा उद्या पुण्याले जाईन. गाव जाग्यावरच रायते."

पत्नी सुमनताई होत्या तेव्हा दोघे रिद्धपूरला गेले होते. सुमनताई दर्शन घेऊन आल्या, तर हे ग्रामपंचायतीच्या फलकासमोर उभे राहून वाचत होते. "देवानं काही विचारलं तं काय सांगू, तुमी कुठं होते म्हणून?" सुमनताईंनी विचारले. ही गोष्ट सुमनताईच मला हसत हसत सांगत. आता त्या नाहीत. गुलाबराव सकाळी खिचडी करतात आणि संध्याकाळी तीच गरम करतात. "कसे चालले आहे," हे मी त्यांना विचारत नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी स्नेहल माझी विद्यार्थिनी. यंदा ती डॉक्टर झाली. शिक्षणानंतर सरकारी दवाखान्यात सेवा देणे तिला बंधनकारक होते, आणि निवडीसाठी दोन जागा समोर होत्या. एक नाशिककडच्या एका गावाची, दुसरी तेल्हाऱ्याची. तेल्हारा म्हणजे अकोटहून एसटीने सहज जाऊन येण्याचे अंतर. तिने फोन केला. "बाबा, तुमीच गुण द्या. ज्याले जास्त, तिथं मी जाईन."

पुढचे काही दिवस गुलाबराव कपाटात डोके घालून होते. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. स्वतःच्या अकोटलाही त्यांनी आजवर एक गुण उपकाराचा दिलेला नव्हता.

एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांनी निकाल वाचला. मी शेजारी बसले होते, स्नेहल फोनवर होती आणि फोनचा आवाज मोठा केलेला होता. नाशिककडचे गाव त्यांनी खणखणीत आवाजात वाचले. तेल्हाऱ्याचे पाणी मात्र पुटपुटले. "रेल्वे, शून्य," असे म्हणून ते घाईने पुढे गेले. शेवटी म्हणाले, "एकूण पाहता तेल्हारा थोडंसं पुढं हाये."

शिक्षकाला कोणीही अंक वाचू लागले की मनात बेरीज होतेच. हातचा एक होता. गुलाबरावांनी दोन धरले होते. तेल्हाऱ्याला दहा गुण फुकट मिळाले होते.

"पुन्हा एकदा करून पाहता का?" मी हळूच विचारले.

"काहून? बरोबर हाये," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

"बरं बाबा," एवढेच म्हणून स्नेहलने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. दाढी केलेली नव्हती. "बाई, बसा जरा. साक्षीदार पायजे." त्यांनी फोन लावला आणि उभ्यानेच बोलू लागले. "स्नेहल, काल बेरीज चुकली. हातचा एक होता, मी दोन धरले. तेल्हारा मागं हाये, भल्लं मागं. तू नाशिककडचंच घे. पाणी गोड हाये तिथलं."



"बाबा, मले कालच समजलं होतं."

"मंग बोलली काहून नाई?"

"काय बोलू? मी रात्रीच तेल्हारा भरून टाकलं."

"भरलं? मागं पडलेलं गाव भरलं? कशावरून?"

"तुमची बेरीज आजलोक कधी चुकली का बाबा? त्याच्यावरून."

गुलाबरावांनी फोन बंद केला आणि बराच वेळ तो उलटसुलट करून पाहत राहिले. मग माझ्यावरच उखडले. "पद्धत म्हणून काही असते का नाई? तुमी शिकवलं का तिले हे?"

"मी भूगोल शिकवला," मी म्हणाले. "गणित घरचं आहे."

त्या रविवारी आम्ही स्नेहलसाठी खोली पाहायला एसटीने तेल्हाऱ्याला गेलो. माझी जुनी विद्यार्थिनी शोभा तेथे राहते. तिच्या घराची वरची खोली रिकामी होती. गुलाबरावांची कीर्ती शोभाच्याही कानावर असावी, कारण जिना चढतानाच तिने कबुली द्यायला सुरुवात केली. "काका, खरं सांगते, नळ रोज नाई येत. बोअरचं पाणी खारं हाये. प्याचं पाणी आमी विकत आणतो."

गुलाबरावांनी मान हलवली, पण ते ऐकत नव्हते. त्यांनी खिडकी उघडून पाहिली, लावून पाहिली. दाराची कडी दोनदा वाजवली.

"तिची ड्युटी कधी रातची रायते," ते शोभाला म्हणाले. "उशिरा आली, तं दार उघडसान ना?"

"काहून नाई उघडणार जी? जेवणबी झाकून ठेवीन."

आम्ही खाली निघालो. गुलाबराव जिन्यात मध्येच थांबले, मागे वळले आणि कठड्याला धरून म्हणाले, "तिखट जरा कमी टाकजा. तिले सोसत नाई."