फोस्वाबाईंच्या परवान्यावर सही उमटेना

मेलेल्या माणसाला पुरायचं तर आमच्याकडे, कुमासीच्या बाजूला, सरकारचा परवाना लागतो. जन्माला यायला अजून लागत नाही. ही त्रुटी वरिष्ठांच्या ध्यानात आली आहे आणि तिच्यावर विचार चालू आहे, असं ऐकतो. परवान्याशिवाय शवागारवाले प्रेत देत नाहीत, प्रेताशिवाय दफन होत नाही, आणि दफन झाल्याशिवाय आलेले पाहुणे काही हलत नाहीत. तर असल्या या परवान्यावर सही करायचं सरकारी पेन चालेनासं झालं, आणि फोस्वाबाई शवागाराच्या फ्रिजमध्ये अडकून पडल्या.

फोस्वाबाई म्हणजे आमच्या गावच्या पहिलीच्या बाई. गावातल्या बहुतेकांचं पहिलं अक्षर त्यांच्या छडीखाली उमटलेलं. त्यांचा मुलगा अज्यापोंग कोकोच्या वखारीत वजनकाट्यावर असतो. गरीब स्वभावाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शनिवारी आईचं दफन ठरलेलं. आता आमच्याकडचं दफन म्हणजे काही चार माणसांत उरकायचं काम नव्हे. बाईंचा हसरा फोटो छापलेली पोस्टरं खांबाखांबावर लागली होती. दुखवट्याची काळी-तांबडी कापडं शिंप्याकडून आली होती, मांडव पडला होता, बँडवाल्यांना सांगून झालं होतं, थोरल्या भावानं हॅम्बुर्गहून विमानाचं तिकीट काढलं होतं. सगळी तयारी झाली होती. फक्त आई तेवढी हाती यायची होती.

बुधवारी सकाळी अज्यापोंग बादूमामांना घेऊन नोंदणी कचेरीत गेला. बादूमामा कुळाचे वडीलधारे. आमच्यात बापापेक्षा मामाचा मान मोठा, त्यामुळे मामांना घेतल्याशिवाय कुठलंही काम होत नाही. मामांना घेतल्यावर ते लवकर होत नाही, ही गोष्ट वेगळी.

नोंदणी अधिकारी आंपोफोसाहेब सज्जन माणूस. पूर्वी कागद होते तेव्हा साहेब कागद घेऊन आतल्या खोलीत जायचे, दार लावून घ्यायचे आणि थोड्या वेळानं सही केलेला परवाना उजव्या हातानं बाहेर आणून द्यायचे. आत काय चालायचं, हे कुणी कधी विचारलं नाही. पण यंदा राजधानीतून फर्मान आलं: कागद बंद. सही सरकारी मोबाइलच्या काचेवर, सरकारी स्टायलसनं, अर्जदाराच्या डोळ्यांसमोर करायची. याला पारदर्शकता म्हणतात. ती आली आणि साहेबांची पंचाईत झाली.

कारण आंपोफोसाहेब डावखुरे होते.

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही कधी बोललेलं नव्हतं. डाव्या हातानं द्यायचं नाही, घ्यायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. ते शिवी दिल्यासारखंच. बापाच्या गावची वाट डाव्या हातानं दाखवू नये, अशी आमच्याकडे म्हण आहे. वाट दाखवायची ही कथा, तर एका शीलवंत बाईला मातीआड करायचा हुकूम डाव्या हातानं? आणि तोही फोस्वाबाईंना? पहिलीच्या वर्गात याच बाईंनी लहानग्या आंपोफोचा डावा हात त्याच्याच पट्ट्यानं बाकाला बांधून ठेवला होता. पोरगं उजव्या हातानं लिहायला शिकलं. बाईंची नजर असेपर्यंत लिहायचंसुद्धा.

साहेबांनी डावा हात मांडीखाली दाबला, उजव्या हातात स्टायलस धरला आणि अज्यापोंगनं टेबलावर आणून ठेवलेल्या पोस्टरमधल्या बाईंकडे न बघता काचेवर सही केली. काचेवर एक ठिपका आला. मग कोंबडीनं पाय पुसल्यासारखं काहीतरी आलं. मग मोबाइलनं नम्रपणे कळवलं: सही जुळत नाही.

जुळणार कशी? नमुन्याची सही साहेबांनी राजधानीतल्या प्रशिक्षणात दिली होती, सगळे जेवायला गेले असताना, एकट्यानं.

"पेनाची संवेदनशीलता गेलेली दिसते," साहेब कपाळ पुसत म्हणाले.

"जाणारच," बादूमामांनी मान डोलावली. "हल्लीची पेनं काही खरी नाहीत."

"साहेब, शनिवारी दफन आहे हो," अज्यापोंग म्हणाला.

"मग मी काय करू? यंत्र आहे बाबा. यंत्रापुढे अधिकारी काय आणि अर्जदार काय!"

अज्यापोंगला साहेबांच्या मांडीखालून डोकावणारी बोटं दिसत होती. बाईंचा मुलगा तो. मोठ्या माणसाच्या मांडीखाली काय आहे ते बघू नये, हे वळण त्याला लहानपणीच लागलेलं. तो आढ्याकडे बघत बसला.

राजधानीला फोन लावला. तिथून सूचना आली की मोबाइल बंद करून पुन्हा चालू करावा. तो केला. सही उमटेना. मग सूचना आली की हात स्वच्छ धुवावेत. साहेबांनी उजवा हात साबण लावून दोनदा धुतला. डावा धुवायची त्यांना छाती झाली नाही, कारण तो बाहेर काढावा लागला असता.

गुरुवारी मास्टर सार्पोंगला बोलावलं. 'परमेश्वराची वेळ हीच योग्य वेळ फोन क्लिनिक' हे दुकान त्याचं. ही वेळ गिऱ्हाइकाच्या वेळेशी सहसा जुळत नाही, पण नोंदणी कचेरीचं काम म्हटल्यावर तो भात-चवळीची वाच्ये अर्धी टाकून आला. त्यानं स्टायलस हातात घेतला आणि काचेवर एक बकरी काढली. बकरी छान आली. शेपटीसकट.

"साहेब, पेन तर चालतंय!"

"तुझ्या हातात चालतंय," साहेब म्हणाले. "सरकारी हातात चालत नाही. दोष तिथंच आहे."

मास्टरनं साहेबांकडे पाहिलं, साहेबांच्या मांडीकडे पाहिलं, आणि एका क्षणात सगळं ओळखलं. पण मास्टर बेरकी. न बिघडलेली वस्तू दुरुस्त करायची संधी धंद्यात वारंवार येत नाही. त्यानं चेहरा लांब केला, जीभ टाळ्याला लावून 'च्च च्च' केलं आणि म्हणाला, "केस अवघड आहे. पण आणलीत वेळेवर."

आधी त्यानं काचेवरचा स्क्रीनगार्ड सोलून काढला. काच लाजल्यासारखी चमकायला लागली, सही मात्र तीच कोंबडीची. मग तो म्हणाला, कव्हरमध्ये लोहचुंबक असतं, ते पेनाची मती भ्रष्ट करतं. त्यानं कव्हर काढलं. मग स्टायलसचं टोक चिमट्यानं उपटून नवं बसवलं. दर खेपेला साहेब उजव्या हातानं सही करायचे, मोबाइल नाही म्हणायचा आणि बादूमामा "आता थोडी बरी आली," असा धीर द्यायचे. शेवटी मास्टरनं सेटिंगमध्ये शिरून संवेदनशीलता शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली.

तिथंच घात झाला. काच इतकी हळवी झाली की पेन टेकायचीही गरज उरेना. साहेब खोकले, रेघ उमटली. मामांनी सुस्कारा सोडला, दुसरी उमटली. तेवढ्यात एक माशी काचेवर बसली, चार पावलं चालली आणि उडून गेली. मोबाइलनं कळवलं: सही बरीचशी जुळते, पुन्हा प्रयत्न करा.

"बघा!" मास्टर ओरडला. "माशीला जमतंय!"

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी घाईघाईनं पुन्हा सही केली आणि मोबाइलला कुलूप लागलं. राजधानीहून लगेच निरोप आला. वारंवार संधी देऊनही संबंधित अधिकाऱ्याची सही मिळालेली नाही. जिवंत अधिकारी सही करू शकतो. ज्याअर्थी सही नाही, त्याअर्थी संबंधित अधिकारी हयात नसावेत. कार्यालय त्यांच्या कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहे. कुटुंबीयांनी दफनाच्या परवान्यासाठी शुक्रवार संध्याकाळपर्यंत अर्ज करावा. परवाना संबंधित अधिकाऱ्याच्या सहीनं मिळेल. हीच सही जुळल्यास कुलूप आपोआप उघडेल.

साहेबांनी निरोप वाचला, पुन्हा वाचला, आणि मुकाट्यानं स्वतःची नाडी चाचपून पाहिली.

शुक्रवार उजाडला. शववाहिका शवागाराच्या दारात भाड्यानं उभी होती. हॅम्बुर्गचा भाऊ उतरून कुमासीहून फोनवर फोन करत होता: "अरे, आई कुठंय? आईचं काय झालं?" अज्यापोंगनं फोन खिशात टाकला. आयुष्यभर उन्हात उभं राहून पोरं शिकवणारी त्याची आई एकटी तिथं थंडीत पडलेली, आणि चार शहाणे मोबाइलला औषध शोधत होते. त्याला स्वतःची फार लाज वाटली. तो तरातरा कचेरीत शिरला आणि साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, आता पुरे. डाव्या हातानं करा सही. मी काही म्हणणार नाही."

मास्टरच्या हातातला चिमटा खाली पडला.

"काय म्हणालास?" साहेब उभे राहिले. नाइलाजानं डावा हातही मांडीखालून बाहेर आला. तो त्यांनी झटकन पाठीमागे नेला. "माझ्या तोंडावर? मला? डा... तसला म्हणतोस?"

"सगळ्या गावाला माहीत आहे, साहेब."

"गावाला माहीत असणं वेगळं आणि तू बोलणं वेगळं! बादूमामा, हेच का तुमच्या कुळाचं वळण? उद्या आईला पुरायचं, आणि पोरगा म्हणतो डाव्या हातानं पुरा!"

"निदान 'डाव्याबद्दल माफ करा' म्हणा आणि करा ना," अज्यापोंग काकुळतीला आला. "बाजारात उजवा हात भरलेला असला की आपण म्हणतोच की."

"म्हणतो. आणि समोरचा 'असू दे' म्हणतो," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "इथं कोण म्हणणार? बाई? बाईंनी जिवंतपणी कधी 'असू दे' म्हटलं नाही, बाबा. आता काय म्हणतील?"

त्यांनी पोस्टरकडे पाहिलं. बाई हसत होत्या. पण त्या छडी उचलायच्या आधीही अशाच हसायच्या, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला आठवत होतं.

बादूमामांनी खाकरून सूत्रं हाती घेतली. अपराध झाला होता, तेव्हा दंड आलाच. मास्टरला पिटाळून जिनची बाटली आणवली. मामांनी पूर्वजांसाठी थोडी जमिनीवर सांडली, थोडी साहेबांना दिली, आणि भाच्याच्या वतीनं माफी मागितली: पोरगं दुःखात आहे, जीभ घसरली, साहेब दोन्ही हातांनी उजवे आहेत हे कुळाला मान्य आहे. साहेबांनी माफ केलं. अज्यापोंगनं मान खाली घालून स्वतःचे खरे शब्द मागे घेतले. त्याला आई हवी होती. खऱ्याचं त्याला काही करायचं नव्हतं.

"आता असं," मामा म्हणाले. "वडीलधाऱ्यांनी जे पाहिलं नाही ते घडलं नाही. ही भिंत फार दिवसांत कुणी नीट बघितलेली दिसत नाही. चला, आपण सगळे जरा भिंत बघू."

मामांनी आधी पोस्टर उचलून बाईंचं तोंड भिंतीकडे केलं. मग स्वतः वळले. मास्टर वळला. अज्यापोंग वळला. पाठीमागे पेन सर्रकन फिरल्याचा आवाज आला. एकच, लांब, झोकदार. मोबाइल आनंदानं किणकिणला. सही जुळली, कुलूप निघालं, आंपोफोसाहेब पुन्हा हयात झाले, आणि फोस्वाबाईंना पुरायला सरकारची हरकत उरली नाही.

तेवढ्यात काचेवर शेवटचा प्रश्न आला: सही अर्जदाराच्या डोळ्यांसमोर झाली काय?

अज्यापोंग घुटमळला. मामांनी त्याचा अंगठा धरून 'होय' वर टेकवला. "समोरच झाली की रे! आपणच तेवढे पाठमोरे होतो."

शनिवारी दफन झोकात झालं. आंपोफोसाहेब आले, रांगेतल्या प्रत्येकाशी उजव्या हातानं हात मिळवत गेले, आणि शवपेटीपाशी पोचल्यावर लहान मुलासारखे हमसून रडले. अज्यापोंगनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आईचा त्याला थोडा रागच आला, आणि राग आला म्हणून रडूही आलं.

सोमवारी कचेरीतून राजधानीला अहवाल गेला: स्टायलसच्या संवेदनशीलतेची समस्या कायमची सुटली. उपाय: सहीच्या वेळी अर्जदारानं भिंतीकडे तोंड करून उभं राहावं. बिनखर्चाचा उपाय वरिष्ठांना फार आवडला. परिपत्रक निघालं आणि सगळ्या कचेऱ्यांना गेलं; जिथं साहेब उजवे होते तिथंही गेलं, जिथं मोबाइलच पोचले नव्हते तिथंही गेलं. तिथल्या साहेबांनीही उपाय करून पाहिला आणि गुण आल्याचं कळवलं. लोकांची पाठ फिरली की उजव्या हातालासुद्धा पुष्कळ कामं सुचतात.

तुम्ही हसताय. हसा. या अडाणी लोकांची मजा वाटणं साहजिक आहे. पण जाता जाता एक सांगा. गेल्या खेपेला तुम्ही तुमच्या कागदासाठी तुमच्याकडच्या कचेरीत उभे होतात ना, तेव्हा सही करताना साहेब नेमकं काय करत होते? नाही ना आठवत? हरकत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुठल्या देवाचं चित्र होतं, ते मात्र तुम्ही चटकन सांगाल.