तहानलेली होडी

"त्या होडीचं काय ते एकदा ठरवून टाका," सोसायटीचे सेक्रेटरी स्वानंद केळकर म्हणाले आणि गोदूबाईंनी सुकट निवडायची परात मांडीवरून खाली ठेवली. गोदूबाईंनी परात खाली ठेवली की पुढे भांडण असतं, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. केळकरांनाही होतं. ते दोन पायऱ्या खाली उतरून उभे राहिले.

होडी कंपाउंडच्या कोपऱ्यात विटांवर टेकलेली होती. ती गोदूबाईंच्या नवऱ्याची, धाकू तांडेलची. डोंबिवलीच्या खाडीलगत धाकूचं घर होतं, त्या जागेवर ही बिल्डिंग उठली. घराच्या बदल्यात तांडेलांना फ्लॅट मिळाला आणि होडीच्या बदल्यात होडीच राहिली. धाकू गेल्यापासून ती पाण्यात उतरली नव्हती. तिच्यावरची ताडपत्री उडाली, रंग उडाला, पोटात मांजरांच्या पिढ्या वाढल्या. आता नेमकी तिथेच केळकरांना आपली नवी बॅटरीवरची गाडी लावायची होती, कारण चार्जिंगचा प्लग त्याच भिंतीवर होता.

"मी काही जाळून टाका म्हणत नाही," केळकर समजुतीच्या सुरात म्हणाले. "घोडबंदर रोडला एकांनी मासळीचं हॉटेल काढलंय. त्यांना अशीच जुनी होडी हवी आहे. आत बर्फ भरतील, वर सुरमई-पापलेट मांडतील. मोठ्या मानानं राहील तिथे."

"माज्या घरवाल्याच्या होरीन बरफ?" गोदूबाई उठल्याच. "मेली नाय ती अजून!"

"अहो, पण तरंगते का?"

हा प्रश्न केळकरांनी गोदूबाईंना विचारला होता. पण तो जाऊन लागला त्यांच्या मुलाला, संदेशला. संदेश दुधाच्या पिशव्या घेऊन गेटातून येत होता. त्याला लहानपणापासून एकच खोड होती. कुठलीही वस्तू दिसली की ही आतून कशी असेल, असं त्याला व्हायचं. या खोडीपायी घरातला मिक्सर उघडला गेला होता, गीझर उघडला गेला होता, आणि एकदा लिफ्टच्या बटणांची पट्टीही, तेव्हा सगळी बिल्डिंग जिन्याने चढत होती. उघडलेली एकही वस्तू पुरती मिटलेली नव्हती.

"तरंगते का ते बघायला काय हरकत आहे?" संदेश म्हणाला.

"बगाच!" गोदूबाई कडाडल्या. "नारली पुनवेला मी ह्याच होरीन बसून नारल सोरीन. नाय तरंगली, त नेवा तुमच्या हाटेलान!"

त्या रागाच्या भरात बोलल्या, पण चार माणसांत बोलल्या. गोदूबाईंचा शब्द म्हणजे शब्द. दुपारी संदेशची बायको रसिका त्याला स्वयंपाकघरात ओढून हळूच म्हणाली, "बोलून बसल्यात आणि आता आत डोळे पुसतायत. जेवल्यापण नाहीत. त्या होडीत मासे मांडलेले दिसले ना, तर त्यांचं काय होईल सांगता येत नाही. तू काहीतरी कर."

संदेश काय करणार, हा प्रश्नच होता. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, असं आडनाव लावून हा गृहस्थ एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये बाटल्या हलवत असे. पोहायला शिकला तो महापालिकेच्या तलावात. लग्नानंतर रसिकाला ठाण्याला तलावपाळीवर पेडल बोटीत नेलं, तेव्हा पेडल तिने मारले आणि हा डोळे मिटून बसला होता, कारण त्याला गरगरत होतं.

"तुमच्या रक्तातच असतं हो ते," केळकर त्याला म्हणाले. संदेशच्या रक्तात थोडी साखर तेवढी होती. पण कुतूहल भरपूर होतं. तो होडीत उतरला, फळ्यांवर टिचक्या मारल्या, वास घेतला, कान लावला. या फळ्या एकमेकींना धरून कशा राहत असतील? फटीत काहीतरी काळं, चिवट दिसलं. त्याने टोक धरून ओढलं. जुना कापूस होता, राळेत भिजवून ठासलेला. तो निघत गेला आणि संदेश ओढत गेला. त्याचं भान हरपलं. संध्याकाळी होडीच्या तळातून पलीकडे उभ्या असलेल्या केळकरांच्या चपला स्वच्छ दिसू लागल्या.

मग नवा कापूस आला, म्हणजे रसिकाच्या माहेरच्या गादीतला. तो राळ-तेलात बुडवून संदेशने एकेक फट भरली. तरी ऊन आत येतच होतं. तो डोकं धरून बसला तेव्हा गोदूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी फळीवरून हात फिरवला.

"तानलेय रं ती. तुजा बाप आधी आत पानी भरायचा. लाकूड पानी प्यालं का फुगतं, फटी मिटतात."

संदेशने बोअरवेलचा पाइप होडीत सोडला. पाणी एका बाजूने आत गेलं आणि सगळ्या बाजूंनी बाहेर आलं. कंपाउंडमधून ओढा वाहू लागला. केळकर पायजमा वर धरून धावत आले.

"अहो तांडेल, होडी पाण्यात सोडतात! पाणी होडीत नाही!"

पण रोज थोडं थोडं पाणी जास्त टिकायला लागलं. संदेश आत खडूने खूण करायचा. आधी एकटाच बघायचा, मग ऑफिसला निघालेले लोकही वाकून बघायला लागले. "आज कुठवर?" असं जिन्यात विचारणं सुरू झालं. केळकर तोंडात ब्रश घेऊन सकाळी फेरी मारायला येत, आणि आपण केवळ प्लग बघायला आलो आहोत, असं दाखवत. एके दिवशी होडी काठोकाठ भरली आणि थेंबभरही गळली नाही. संदेशने आनंदाने आईला मिठी मारली.

त्याच दिवशी महापालिकेचा डासवाला माणूस आला.

"हे साचलेलं पाणी कोणाचं?"

"होडीचं," संदेश म्हणाला.

"होडीला नोटीस देता येत नाही. सेक्रेटरी कोण?"

केळकरांच्या हातात नोटीस पडली. पाणी उपसावं तर होडी पुन्हा वाळणार, आणि ठेवावं तर डास होणार. शेवटी डासवाल्यानेच उपाय काढला. त्याने पिशवीतून मूठभर गप्पी मासे होडीत सोडले. इतक्या वर्षांनी धाकूच्या होडीत मासळी आली, पण उलट्या दिशेने. गोदूबाई कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या.

"येवरीशी मासली? तुजा बाप असता त लाजला असता."

केळकर मात्र लाजले नाहीत. जन्मभर मासळीचा वास आला की रुमाल काढणारा हा माणूस त्या माशांच्या प्रेमात पडला. सकाळ-संध्याकाळ पोळीचा बारीक चुरा घेऊन होडीपाशी उभा राहू लागला. "ती पिवळ्या शेपटीची जरा भिडस्त आहे, तिला बाजूला घालावं लागतं," असं लोकांना समजावू लागला.

होडीची तहान भागली. आता शीड हवं होतं. धाकूचं जुनं शीड उंदरांनी खाल्लेलं. संदेशने कॅनव्हासचा गठ्ठा आणला आणि रविवारी रसिकाच्या शिलाई मशीनवर बसला. पहिली सुई मोडली. दुसरी मोडली. तिसरी कॅनव्हासमध्ये अशी रुतली, की कापड उचललं तर मशीनही उचललं गेलं. हे नक्की कुठे अडकतं, हे बघण्यासाठी त्याने मशीन उघडलं. रसिका बाजारातून परत आली तेव्हा मशीन ताटात होतं.

"मिटवता येत नाही तर उघडतोस कशाला रे?" ती ओरडली. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "चल कल्याणला. माझ्या माहेरच्या गल्लीत भिवाकाका कॅनव्हास शिवतात. त्यांच्याकडे शीक. घरातल्या कशाला हात लावू नकोस."

भिवाकाकांचं सगळं आयुष्य रिक्षाची हुडं शिवण्यात गेलं होतं. शीड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण समोर साक्षात कोळी बसलाय म्हटल्यावर विचारायला त्यांना अवघड वाटलं. संदेशनेही शीड धड पाहिलं नव्हतं, पण समोर कॅनव्हासचा उस्ताद बसलाय म्हटल्यावर त्यालाही अवघड वाटलं. दोघांनी एकमेकांवर पूर्ण विश्वास टाकला.

"लांबीरुंदी द्या फक्त," भिवाकाका म्हणाले. "बाकी माझा हात बसलेला आहे."

संदेश दर शनिवारी तिथे जाऊन बसू लागला. तळहाताला चामड्याची पट्टी बांधायची, दोऱ्याला मेण घासायचं, दाभण तिरकं घालायचं, कापडाची घडी घडीत अडकवून दुहेरी टाका मारायचा. बोटं रक्तबंबाळ झाली, पण त्याचं लक्ष नव्हतं. "मेण कशाला? तिरकं का? सरळ घातलं तर काय होतं?" तो विचारत सुटला. भिवाकाकांना त्यांच्या धंद्यातलं कोणी कधी काही विचारलं नव्हतं. रिक्षावाले फक्त कधी मिळेल एवढंच विचारत. ते इतके खूश झाले की संदेशला त्यांनी सगळं शिकवलं. कडेला पायपिंग कसं बसवायचं, कोपरे गोल कसे वळवायचे, कुठे झोळ सोडायचा. संदेशने जगातले सगळे प्रश्न विचारले. आपण हे शिवतोय काय, तेवढं विचारायचं राहून गेलं.

नारळी पौर्णिमेला सकाळीच कोळीवाड्यातले भाऊबंद होडी न्यायला आले. आधी केळकर हाफ पँट घालून होडीत उतरले आणि चहाच्या गाळणीने एकेक गप्पी मासा ड्रममध्ये हलवू लागले. भिडस्त पिवळी शेवटी सापडली. मग पाणी सोडलं, ओंडक्यांवरून होडी सरकत सरकत खाडीपर्यंत गेली आणि पाण्यात उतरली. संदेश तळाकडे बघत होता. फटींतून थेंबही आत आला नाही.

"तरंगली रं!" गोदूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या लहान पोरीसारख्या रडल्या. केळकरांनीही चष्मा पुसला. हॉटेलवाल्याचा फोन वाजत होता, तो त्यांनी कापला.

मग संदेशने मोठ्या अभिमानाने शीड उलगडलं. गोल कोपरे, लाल पायपिंग, दांडे घालायला पट्ट्या, दोन्ही बाजूंना गोंडे, आणि मधोमध प्लास्टिकची पारदर्शक चौकोनी खिडकी. कोळीवाडा बघत राहिला.

"ही खिडकी कशाला?" केळकरांनी विचारलं.

"म्हणजे काय?" समारंभाला खास बोलावलेले भिवाकाका म्हणाले. "मागून काय येतंय ते दिसायला नको?"

तरी संदेशने ते डोलकाठीला बांधलं. वारा शिरला, कापडाची पिशवी झाली आणि दोराने बांधलेली होडी जागच्या जागी गोल फिरू लागली, गोदूबाईंना पाय टाकता येईना. संदेश डोकं धरून खाली बसला. त्यात श्रावणाची जोरदार सर आली. काठावर गोदूबाई सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ छातीशी धरून भिजत उभ्या होत्या, आणि भरती उतरायला लागली होती. पाणी गेलं की होडी चिखलात बसणार आणि शब्द वाया जाणार.

भिवाकाकांना ते उलटं टांगलेलं हूड मघापासून बघवत नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, होडीत चढले, ते सोडवलं, काठावरच्या मांडवाच्या उरलेल्या बांबूच्या कांबी मागवल्या, वाकवून त्या पट्ट्यांत सरकवल्या आणि हूड होडीच्या काठांवर ताणून बसवलं. कुठेही सुरकुती नव्हती. आत एक थेंब पडत नव्हता.

संदेशने आईला हात दिला. गोदूबाई पाय टाकताना थबकल्या.

"जल्म गेला ह्या होरीची मासली डोक्यावरून इकन्यान," त्या म्हणाल्या. "पन तुज्या बापानं मना कवा बसवली नाय. पयलांदाच बसतेय."

त्या हुडाखाली बसल्या. खाडीला हात जोडले, पुटपुटल्या आणि नारळ अलगद पाण्यात सोडला. तो उतरत्या पाण्याबरोबर निघून गेला. काठावरच्या सगळ्या माणसांनी पावसातच हात जोडले.

"तो माशांचा ड्रम आता त्या कोपऱ्यातच राहू दे," केळकर हळूच संदेशला म्हणाले. "तिथे सावली असते."

"आणि तुमची गाडी?"

"गाडीचं बघू हो."

गोदूबाईंनी मागे वळून खिडकीतून खाडी पाहिली. पदर सारखा केला, ऐसपैस टेकल्या आणि म्हणाल्या, "चल संदेश, मीटर टाक."

"आये, मला वल्हवता येत नाय."

गोदूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "येवरं शिवलंस, न् ते नाय शिकलास?"

"शिकतो की. ते कसं असतं ते बघायलाच पाहिजे."

"मंग ही शेअरची रिक्शा हाय म्हन. सीटा भरल्याबिगर हलायची नाय." त्यांनी काठाकडे हाक मारली. "रसिका, ये गो! भिवादादा, सरका आत. केलकर, तुमी पन येवा!"

रसिका आणि भिवाकाका गोदूबाईंच्या दोन बाजूंना बसले आणि मागची सीट भरली. केळकर हाफ पँट सावरत आले. त्यांनी आत एकदा नजर टाकली. ते जन्माचे डोंबिवलीकर होते, त्यांना चौथी सीट कुठे ते सांगावं लागलं नाही. ते मुकाट्याने पुढे जाऊन संदेशच्या बाजूला टेकले, अर्धे होडीत आणि अर्धे बाहेर.