तिसऱ्या गिअरमधले नानाकाका

आमच्या नानाकाकांच्या गाडीला चौथा गिअर आहे, पण तो पडलेला घरात कुणीही पाहिलेला नाही. गाडीत दोष नाही. काका तिसऱ्यात येतात, वेग घेणार एवढ्यात रस्त्याकडेला त्यांना कुणाचं तरी घर दिसतं. आणि ब्रेक.

"पाच मिनटं गो. उभ्याउभ्याच जाऊन येऊ. बसायचं नाही."

हे धादांत खोटं आहे आणि मी ते जबाबदारीने बोलते आहे. कोकणात कुणाच्या दारात उभ्याउभ्या गेलेला माणूस उभ्याउभ्या परतलेला मला दाखवा. आधी पाणी येतं, मग चहा, मग "आता जेवूनच जा." काका तीनदा नको म्हणतात आणि चौथ्यांदा पानावर बसतात.

"पण थांबायचंच कशाला?" मी एकदा विचारलं.

"दारावरून गेलो नि आत डोकावलो नाही हे त्यांना कळलं तर?"

"कसं कळेल?"

"गाडी पोपटी आहे गो माझी!"

"मग पोपटी घेतलीतच का?"

काकांनी सारी नोकरी लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काढली. घरी रत्नागिरीला यायचे ते रविवारी, आणि तो रविवार झोपून काढायचे. आता निवृत्त झालेत. काकी गेल्यापासून घरात एकटेच असतात. कंपनीतले जुने सोबती किनाऱ्यावरच्या आपापल्या गावी परतले आहेत. म्हणजे काकांना अडवायला समुद्रकाठचं एकही गाव मोकळं राहिलेलं नाही.

यंदा डिसेंबरात त्यांची मुलगी शुभदाताई मस्कतहून आली. काकींच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच. दर थंडीत येते म्हणायची आणि दर थंडीत रजा रद्द व्हायची. आली तीही चार दिवसांसाठी. शेवटच्या दिवसासाठी तिने एकच गोष्ट मागितली.

"बाबा, लहानपणी तुम्ही कधी संध्याकाळचे घरी नसायचात. मला एकदा तुमच्या शेजारी बसून सूर्य बुडताना बघायचाय. गुहागरला. बास, दुसरं काही नको."

"अगो, त्यात काय!" काका म्हणाले. "सकाळी निघू, दुपारी पोचू."

आम्ही चौघं निघालो. काका, शुभदाताई, माझी आई आणि मी. कलमांना मोहोर आलेला, हवा गार, डाव्या हाताला समुद्र. नेवऱ्याला पोह्यांसाठी थांबलो. मालगुंडला एकाने नवा पंप घेतला होता, तो बघितला. त्याने पंप चालू करून दाखवला. मग बंद करून दाखवला. मग काकांनी तो स्वतः चालू करून बघितला. दर घरी एकच प्रकार. काका आधी आत, मग मागच्या शुभदाताईला पुढे ढकलून, "ही माझी शुभदा!" जत्रेतून बक्षीस आणल्यासारखं.

एक जाहीर तक्रार इथेच नोंदवते. आपल्याकडच्या रस्त्यांवर बायकांना जायची सोय नसते. यावर मी पत्रकं छापली आहेत, निवेदनं दिली आहेत, भर उन्हात धरणं धरलं आहे. त्यात पोटात इतक्या घरांचा चहा! मी गाडीतच हा विषय मांडला.

"म्हणून तर घरं असतात ना गो!" काका म्हणाले आणि लगेच ब्रेक मारला.

माझ्या आजवरच्या चळवळीला इतकं उद्धट आणि इतकं उपयोगी उत्तर कुणी दिलं नव्हतं.

जयगडच्या जेटीवर पोचलो तर बोट नुकतीच सुटलेली. पुढची येईपर्यंत ताई घड्याळाकडे बघत राहिली. गाडीसकट बोटीत शिरलो तेव्हा मला हायसं वाटलं, खाडीत तरी कुणाचं घर नाही. तेवढ्यात तिकीट फाडणारा ओरडला, "काय नाना, आज गाडी भरलेली दिसते!" काका खाली उतरून त्याच्या व्याह्याची चौकशी करायला गेले. "ही माझी शुभदा!" बोट पलीकडे लागली तरी व्याही संपला नव्हता. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजले तेव्हा काका आले.

हेदवी जवळ आली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं.

"बाबा," शुभदाताई म्हणाली, "आता थांबलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही. उद्या सकाळी जायचंय मला. पुन्हा कधी येणं होईल माहीत नाही."

काकांनी एक घर खरोखर मागे टाकलं. मी टाळी वाजवणार होते. थोडं पुढे जाऊन गाडी मंदावली, थांबली आणि उलटी मागे येऊ लागली.

"हे शेवटचं," काका पुढे बघतच म्हणाले. "माई आहे. कंपनीतल्या माझ्या जोडीदाराची आई. पुढच्या थंडीत असेल, नसेल."

ताईने दार इतक्या जोरात आपटलं की अंगणातली कोंबडी उडाली.

माई पडवीतच बसली होती. काकांनी न मागता त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा आला. माडांच्या आडून समुद्राचा नुसता आवाज येत होता.

"हीच काय रे ती? ये गो बाय, उजेडात ये." माईने ताईची हनुवटी धरली. "बारीक आहेस. तीन थंड्या सांगतोय हा, लेक येणार, लेक येणार. आम्ही म्हटलं, म्हातारा थापा मारतो. पण तुझा खजूर मात्र दर वर्षाला पोचला हां! बापाच्या हाती न चुकता धाडलास. सगळ्या आळीत वाटला मी, मस्कतचा म्हणून."

शुभदाताईने आजवर खजुराची एक बीसुद्धा पाठवलेली नव्हती. तो खजूर रत्नागिरीच्या बाजारातला. काकांना तो खोकाभर घेताना मी स्वतः पाहिलं होतं आणि साखर वाढेल म्हणून भर रस्त्यात त्यांना भाषणही दिलं होतं. त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

काकांचे कान लाल झाले. ते एकदम उठले.

"चल गो शुभदा. सूर्य जाईल."

"जाऊ द्या," ताई म्हणाली. "तो रोज जातो. बसा तुम्ही."

ती माईच्या पायाशी जमिनीवर बसली. माई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. नारळांमागचं आभाळ केशरी झालं, मग जांभळं. ताईने तिकडे मान वळवली नाही.

"मागच्या खेपेचा जरा टणक होता ना हो, माई?" तिने विचारलं. "मला वाटलंच होतं. यंदा बिया काढलेला मऊ पाठवते. तुम्हाला चावायला बरा."

काका खाली बसले. त्यांनी कप तोंडाला लावला. चहा केव्हाच संपला होता, तरी ते बराच वेळ पीत राहिले.