मावशींचा केक आणि माझी कात्री

केक बिघडतो तो भाजणाऱ्यामुळे नाही, पाककृती लिहिणाऱ्यामुळे! हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मला दोन्ही बाजू माहीत आहेत. ही गोष्ट घडली तेव्हा खरं तर एकच माहीत होती, पण छाती ठोकायला एक पुरते.

माझं काम मजकूर कापण्याचं. पंखा, मिक्सर, इस्त्री, काहीही विकत घ्या, खोक्यात एक माहितीपुस्तिका निघते. ती तुम्ही वाचत नाही, पण कोणीतरी ती लिहिलेली असते आणि कोणीतरी कापलेली असते. कापणारा तो मी! इंजिनिअर चाळीस पानं पाठवतात, मी बारा छापतो. ऑफिसात मला 'कात्री' म्हणतात. हे मला ठाऊक नाही असं त्यांना वाटतं.

छंद मात्र जमवण्याचा. मी पाककृती जमवतो. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून मी बदामाच्या बिस्किटांची कृती घेतली, तीही तोंडात कापसाचा बोळा असताना, हातवारे करून. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने, आम्ही दोघं दोन मजल्यांच्या मध्ये अडकलो असताना, मला केळ्याचा पाव सांगितला. आम्ही बाहेर निघालो तेव्हा मला अंमळ वाईटच वाटलं, कारण त्याची बहीण सफरचंदाचं काहीतरी करायची आणि ते अर्धंच सांगून झालं होतं. अशा दोनशे अठरा कृती माझ्या फाइलमध्ये आहेत. सगळ्या टाइप केलेल्या, अनुक्रमणिकेसह.

रविवारी दुपारी मी ती फाइल छातीवर ठेवून आडवा होतो. 'लोणी आणि साखर हलकं होईपर्यंत फेसा' एवढं वाचलं की पडदा हळूच हलतो, कुठेतरी भांड्याला लाकडी चमचा लागल्याचा आवाज येतो, पिठाची बारीक धूळ उन्हात तरंगायला लागते. दालचिनीच्या कृतीपर्यंत मी सहसा पोचत नाही. त्याआधीच डोळा लागतो. या छंदात प्रत्यक्ष भाजायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे तो अगदी निर्दोष चालला होता.

मग मावशींनी घोटाळा केला.

मावशी म्हणजे माझ्या बायकोच्या मावशी. बायको सहा वर्षांची असल्यापासून दर वाढदिवसाला तिला मावशींचा संत्र्याच्या सालीचा केक लागतो. एकतीस वर्षं! ताप असो, परीक्षा असो, लग्नाची धांदल असो, केक आलाच. पण यंदा मावशींची मनगटं दुखायला लागली. त्यांनी आपला जुना, जमिनीवर उभा राहणारा ओव्हन टेम्पोत घालून आमच्याकडे पाठवला, आणि पाठोपाठ त्यांच्या पाककृतींची वही घेऊन त्या स्वतः आल्या.

"जावईबुवा, माझ्याच्याने आता फेसवत नाही. यंदापासून केक तुम्ही करायचा."

"मी?"

"एवढं जमवता, आता करा तरी काहीतरी! आणि वही नीट वाचा. सगळं लिहून ठेवलंय त्यात."

वही मी वाचली. तुम्हाला काय सांगू! एका केकला अडीच पानं! 'अंडी फोडताना कोणावर राग धरलेला नसावा.' 'लोणी मऊ होईपर्यंत खिडकीत उभं राहून रस्ता बघावा, घाई करू नये.' 'संत्र्याची साल किसताना थोडं गुणगुणावं.' माझे हात शिवशिवायला लागले. एका बैठकीत मी अडीच पानांच्या अकरा ओळी केल्या. काय सुरेख झाल्या होत्या! त्या ओळी स्वतः मावशींनाही ओळखू आल्या नसत्या.

आणि वही? आमच्या ऑफिसचा नियम असा, की शुद्ध प्रत तयार झाली की मूळ प्रत ठेवायची नाही. दोन प्रती राहिल्या की हमखास चुकीची छापली जाते. वही ओशट झालेली, पानं सुटलेली. मी ती रद्दीच्या गठ्ठ्यात टाकली.

त्याच आठवड्यात बायकोने विचारलं, "वही कुठे आहे रे?"

"सुरक्षित आहे."

"असं?" ती म्हणाली.

माझी बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून आलेल्या माणसाकडे ती जशी बघत असेल, तशी तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचायला घेतला.

पाच महिने गेले. वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी मी रंगीत तालीम केली. माझ्या अकरा ओळींप्रमाणे मिश्रण ओव्हनमध्ये सरकवलं, दार खट्‌कन लावलं आणि बाहेरच्या खुर्चीत जाऊन बसलो. चाळीस मिनिटं काही करायचं नव्हतं! आणि मग तो वास आला. आधी लोणी, मग साखर, मग संत्रं. वास स्वयंपाकघरातून निघाला, बैठकीत आला, पुस्तकांच्या कपाटावरून फिरला, माझ्या मांडीवर येऊन बसला. मला वाटलं, आपण उगीच इतकी वर्षं पंप आणि इस्त्र्या कापत बसलो. एखाद्या शांत गल्लीत छोटंसं दुकान, दोन टेबलं, खिडकीत केक, गिऱ्हाइकं हळू आवाजात बोलताहेत...

समोरच्या दारातून घड्याळकाका डोकावले. आयुष्यभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली आणि अजूनही तीन-तीन मनगटावर बांधतात.

"जिना भरून गेलाय वासाने! काय बेत?"

"विशेष काही नाही," मी म्हणालो. एवढं खोटं मी फार दिवसांत बोललो नव्हतो.

वेळ झाल्यावर आत गेलो. ओव्हनचं दार चांगलं बोटभर उघडं! आणि केकच्या मधोमध असा खळगा, की त्यात सूप वाढता आलं असतं.

"तू दार उघडलंस?"

"मी? मी केस धूत होते!"

"मग आपोआप उघडलं?"

"तूच डोकावला असशील. तुला कुठे राहवतं!"

"मी खुर्चीत होतो!"

"म्हणजे झोपला होतास."

त्यानंतर दोन दिवस ती मला 'अहो' म्हणाली. एरवी मी 'अरे' असतो. 'अहो, जरा मीठ द्याल का' असं आमच्या घरात ऐकू आलं की शेजारीसुद्धा आवाज कमी करतात.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली. ओव्हनवर कागद चिकटवला: 'दार उघडू नये. हुकुमावरून.' बायको दुकानात होती, तेव्हा प्रश्नच नव्हता. तेवढ्यात घड्याळकाका स्क्रू-ड्रायव्हर परत करायला आले आणि गप्पा मारत स्वयंपाकघरातच टेकले. मी मात्र बाहेर आलो, कारण वास बाहेरूनच खरा कळतो. आज तर तो रविवारच्या दुप्पट होता! माझ्या दुकानात आता चार टेबलं झाली होती. एक म्हातारी बाई रोज कोपऱ्यात बसून एकच तुकडा खात होती आणि मला आशीर्वाद देत होती.

आत गेलो तर पुन्हा दार बोटभर उघडं आणि पुन्हा खळगा.

"काका, तुम्ही दार उघडलंत?"

काका उभे राहिले. "चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडली मी. पण प्रत्येक वेळी विचारून!"

"मग इथे दुसरं होतं कोण?"

"येतो," म्हणाले आणि फणकाऱ्याने निघून गेले. जाताना केकचा मोठा तुकडा घेऊन गेले, ही गोष्ट वेगळी.

शनिवारी वाढदिवस. आता मात्र माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता. खरं सांगायचं तर इभ्रतीचं तितकंसं नव्हतं. त्या सकाळी उठल्या उठल्या बायको हळूच म्हणाली, "नाही जमला तर राहू दे रे. इतकी वर्षं खाल्ला, पुष्कळ झाला." आणि हसली. एकतीस वर्षांचा केक माझ्या हातून संपणार होता, आणि ती माझीच समजूत घालत होती!

मी स्वयंपाकघराला कुलूप लावलं. ओव्हन आत, केक आत, किल्ली माझ्या खिशात. खिडकीला गज, मजला तिसरा. कुलपासमोर खुर्ची टाकून बसलो. वास कुलपाच्या भोकातूनसुद्धा येत होता! इतका गोड, इतका भरभरून, की मी डोळे मिटले आणि दुकानाला वरचा मजलाही चढवला.

साडेअकराला मावशी आल्या. जिन्यातूनच ओरडल्या, "अहो, वास पहिल्या मजल्यापासून येतोय!"

"आवडला ना?" मी फुललो.

"आवडतोय कसला! केकचा वास जिन्यात आला, तर केकमध्ये काय राहिलं? ओव्हनपाशी कोण बसलंय?"

"कोणी नाही! कुलूप लावलंय!"

मावशी चपलांच्या कपाटावरच बसल्या. "कुलूप?"

मी अभिमानाने दार उघडलं. आत कोणी नव्हतं. ओव्हनचं दार बोटभर उघडं होतं. केकमध्ये खळगा होता. मी ओट्याखाली बघितलं, कपाटामागे बघितलं.

"मांजर असेल," मी म्हणालो.

"मांजर कसलं! तापलं की त्या दाराची स्प्रिंग ढिली पडते. पंधरा वर्षं झाली त्याला. मी लिहिलंय की वहीत! काय करायचं तेही लिहिलंय. आणा वही."

आता काय करणार? तुम्ही असता तर तुम्हीही आधी पंख्याकडेच पाहिलं असतं.

"मावशी," मी म्हणालो, "वही मी रद्दीत टाकली."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं आपल्या मनगटांकडे पाहिलं. "मला आता सगळं आठवत नाही हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर लिहून ठेवलं होतं."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दोनशे अठरा कृती जमवल्या आणि जी एक जपायची ती टाकली!

बैठकीतून सगळं ऐकत बसलेली बायको उठली. आतल्या खोलीतलं कपाट उघडल्याचा आवाज आला. स्वेटरांच्या घडीखालून वही काढून तिने मावशींच्या मांडीवर ठेवली.

"गठ्ठ्यात अगदी वरच होती," ती म्हणाली. "पाच महिने वाट बघतेय, कधी बोलतोस."

"मग तू का नाही बोललीस?"

"शेवटची ओळ दिसते म्हणणाऱ्याला मी लगेच चष्मा देत नाही. जरा थांबते."

मग तिने तिसऱ्या पानावरून वाचलं. "'दार लावून, पाठीशी जाड उशी घेऊन, दाराला टेकून चाळीस मिनिटं बसावं. कोणी हाक मारली तरी उठू नये. बसल्या बसल्या चांगलं काहीतरी आठवावं.'" तिने माझ्याकडे पाहिलं. "तू काय लिहिलंस?"

"'चाळीस मिनिटे भाजावा,'" मी म्हणालो.

मीच खाली मान घालून अंडी काढली.

चौथा केक आम्ही वहीप्रमाणे केला. मी फेसलं, बायकोने साल किसली आणि गुणगुणली, मावशी खुर्चीवरून हुकूम सोडत होत्या. लोणी मऊ होईपर्यंत आम्ही तिघं खिडकीत उभे राहून रस्ता बघत होतो. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं. पाच महिन्यांत मी इतका निवांत उभा राहिलो नव्हतो. राग धरलेला नसावा म्हणून घड्याळकाकांची माफी मागितली आणि त्यांनाही बोलावून आणलं. "वेळ मी बघतो," ते म्हणाले आणि तिन्ही घड्याळं लावून बसले.

"दारापाशी मी बसते," बायको म्हणाली.

"मुळीच नाही!" मी म्हणालो. "वाढदिवस तुझा आहे. चूक माझी आहे. मी बसणार!"

बुटकं स्टूल घेतलं, पाठीशी उशी घेतली, बसलो. पाठीमागे दार ढकलू पाहत होतं, पण मी हललो नाही. उशीतून ऊब हळूहळू पाठीत उतरायला लागली. आता वासही कमी येत होता, जेमतेम, कुणीतरी शेजारच्या खोलीत संत्रं सोलावं तेवढाच. मावशी जुन्या गोष्टी सांगत होत्या. बायकोचा सातवा वाढदिवस, केकवर बसलेली मधमाशी... त्यांचा आवाज लांब लांब गेला. चांगलं काहीतरी आठवावं म्हणून मी दुकान आठवलं. खिडकीत केक होता, कोपऱ्यात ती म्हातारी बाई होती, उन्हात पिठाची धूळ तरंगत होती...

धडाम!

मी जमिनीवर होतो, स्टूल माझ्यावर होतं आणि ओव्हनचं दार सताड उघडं होतं.

"सव्वीस मिनिटं!" घड्याळकाका म्हणाले. "तिन्ही घड्याळांत!"

मावशींनी दार लावलं आणि स्वतः उशी घेऊन टेकल्या. उरलेली चौदा मिनिटं त्या तिथून हलल्या नाहीत. मी जमिनीवरून उठायचं धाडस केलं नाही.

केक निघाला. मधोमध खळगा होता, मागच्यांपेक्षा उथळ, पण होताच. कडा मात्र सोनेरी, उंच, जागच्या जागी. बायकोने काठाचा एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"हाच," ती म्हणाली. "मावशी, हाच!"

तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. मला इतका आनंद झाला, की मी पुन्हा खाली बसलो. मावशींनी तुकडा चाखला, मान डोलावली आणि माझ्याकडे हात पसरला.

"पेन द्या."

मी पेन दिलं. वहीच्या तिसऱ्या पानावर, 'चांगलं काहीतरी आठवावं'च्या खाली, दुखऱ्या मनगटाने त्यांनी हळूहळू एक नवी ओळ लिहिली आणि वही माझ्यापुढे धरली.

'दारापाशी जावयाला बसवू नये. सव्विसाव्या मिनिटाला झोपतो.'

"आता करा शुद्ध प्रत," त्या म्हणाल्या.

ती ओळ मी तीनदा तपासली. आमच्या धंद्यात तशी पद्धत आहे. काय सांगू, कापण्यासारखं एक अक्षर निघेल तर शपथ!