रिकाम्या घरापुढचा ट्रक

बुधवारी सकाळी समोरच्या जनील स्टब्जच्या घरातून दालचिनीच्या रोल्सचा वास आला आणि नेड्रा हॅल्व्हर्सन हातातलं काम टाकून खिडकीशी धावली. जनील उगाच ओव्हन तापवणारी बाई नव्हती. नेड्राने पडदा सारून पाहिलं. कोपऱ्यावरच्या, मार्चपासून रिकाम्या पडलेल्या घरापुढे भाड्याचा भलामोठा ट्रक उभा होता.

"व्हर्ल! गल्लीत नवीन माणूस आलंय आणि त्या सटवीला माझ्याआधी कळलं!"

"येऊ दे की," गुडघा चोळत तिचा नवरा म्हणाला.

"येऊ दे की? अरे, अख्ख्या स्प्रिंगव्हिलमध्ये मोकळं माणूस उरलंय का एक तरी?"

यात काही खोटं नव्हतं. गावात जो तो कुणाच्या ना कुणाच्या विक्रीच्या साखळीत होता, ज्याने ओढलं त्याच्या खाली. दाताचा डॉक्टर त्याच्याच रुग्णाच्या खाली, बिशप आपल्या मावशीच्या खाली आणि मावशी केशकर्तनवाल्या बाईच्या खाली. नेड्रा आणि जनील एकाच आठवड्यात एकाच सुगंधी तेलाच्या कंपनीत शिरल्या होत्या. शिडीही दोघींनी बरोबरीने चढली होती, आणि आता दोघींनाही वरच्या पायरीवर जायला, म्हणजे 'नीलम' व्हायला, एकच माणूस कमी पडत होतं. शनिवारी दुपारपर्यंत जी आधी नीलम होईल तिला कंपनीच्या सॉल्ट लेकच्या मेळाव्यात मंचावर बोलावणार होते, वर पांढरी गाडी बक्षीस. ती गाडी जनीलच्या अंगणात उभी आहे असं स्वप्न नेड्राला रोज पडायचं आणि ती ओरडत उठायची.

यशाची वृत्ती शिकवणारा प्रशिक्षक दर सोमवारी फोनवर सांगायचा, "उद्योजक विचारत बसत नाही! आधी देतो, मग घेतो!" नेड्राने ते लिपस्टिकने आरशावर लिहून ठेवलं होतं. तिने फ्रीझरमधून चीज-बटाट्यांचा ट्रे काढला. तो खरं तर ऑल्पिनकाकांच्या मयतीसाठी होता; गावात मयतीच्या जेवणाला हेच बटाटे करतात. काका अजून गेले नव्हते, पण डॉक्टरांनी आशा सोडली होती.

ट्रकपाशी दोघी एकदमच पोचल्या. चर्चच्या रीतीप्रमाणे गावात सगळे एकमेकांना सिस्टर-ब्रदर म्हणत.

"अय्या, सिस्टर हॅल्व्हर्सन! बटाटे? कुणी गेलं का?"

"नाही, सिस्टर स्टब्ज. तुमचे रोल्स खाऊन कुणी गेलं, तर असावेत म्हणून आणले."

ट्रकचं मागचं दार उघडं होतं. फुटपाथच्या कडेला चाळिशीची एक बाई डोकं धरून बसली होती. ग्रेटा वॉस तिचं नाव, येत होती नेब्रास्काहून. "अहो, मी फक्त जरा—" तिने कसंबसं तोंड उघडलं.

"एक अक्षर बोलू नका!" जनील म्हणाली. "दमलात तुम्ही. आम्ही आहोत ना!" आणि तिने एक खुर्ची उचलली. त्या घराची किल्ली तिच्याकडेच होती, कारण घरमालकीण तिच्याच खाली होती.

जनीलने खुर्ची नेली म्हणून नेड्राने टेबल नेलं. मग जनीलने गादी डोक्यावर घेतली. नेड्राने एकटीने कपडे धुण्याचं मशीन पाठीवर मारलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, खोटं वाटेल, पण गल्लीतल्या सहा जणांनी पाहिलंय. पियानो मात्र दोघींनी मिळून नेला, कारण दुसरीला एकटीने नेऊ द्यायला कुणीच तयार नव्हती. जनीलने पडदे लावले, तर नेड्राने कपाटात कपडे रंगांप्रमाणे टांगले. जनीलने पलंगावर चादर घातली, तर नेड्राने ती काढून इस्त्री करून पुन्हा घातली. एक वाजता बटाटे ओव्हनमध्ये खदखदत होते आणि ट्रक झाडून-पुसून स्वच्छ झाला होता.

फुटपाथवर ग्रेटाने डोळे उघडले.

"माझा पियानो कुठाय?"

"दिवाणखान्यात!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

"कुणाच्या?"

दोघींनी एकदमच कोपऱ्यावरच्या घराकडे बोट दाखवलं.

"अहो, मी बॉइसीला चाललेय," ग्रेटा म्हणाली. "डोकं ठणकायला लागलं म्हणून गाडी बाजूला घेतली. गोळी शोधायला दार उघडलं, तर तुम्ही टेबल-खुर्च्या घेऊन पळत सुटलात. मला वाटलं, भरदिवसा दरोडा पडला. पण हे काका म्हणाले, घाबरू नका, त्या दोघी अशाच आहेत."

हे काका म्हणजे व्हर्ल. तो सकाळपासून तिच्याशेजारी बसला होता. तिला पाणी दिलं होतं, सावली धरली होती आणि स्वतःच्या खिशातलं, त्याच कंपनीचं पुदिन्याचं तेल कपाळाला लावायला दिलं होतं.

सामान परत चढवताना दोघींना नुसत्या धापा लागल्या होत्या. सोफा अर्ध्या रस्त्यात असताना ग्रेटा म्हणाली, "ते तेल जादूचं आहे हो. मला ते कायमचं हवंय. सभासद कुठे व्हायचं?"

सोफा धाडकन खाली आला.

"माझ्याकडे!"

"माझ्याकडे!"

"तुमच्याकडे? नको बाई," ग्रेटा एक पाऊल मागे सरली. "मी या काकांकडेच सभासद होईन." आणि फुटपाथवरच तिने व्हर्लच्या फोनवर सही केली.

नेड्राने रस्त्यात गिरकी घेतली. "माझा नवरा! माझा हिरा! बघितलंस जनील? नवरा माझा म्हणजे माणूसही माझंच!"

व्हर्ल खाकरला. "तसं नाही गं. मी जनीलच्या खाली आहे."

"कुणाच्या?"

"गेल्या हिवाळ्यापासून. गुडघ्याला तेल हवं होतं. तुला दोनदा म्हटलं, मला घे तुझ्या साखळीत. तू म्हणालीस, तुझ्यात ती वृत्तीच नाही, आकडा खराब होईल माझा."

जनील सोफ्यावर मटकन बसली. "अगंबाई, मी तर यांना विसरूनच गेले होते. म्हणजे ही माझ्याच साखळीत, नीलम मीच!" ती म्हणाली आणि रस्त्याच्या मधोमध आनंदाने रडायला लागली.

शनिवारी जनील मंचावर गेली आणि संध्याकाळी तिच्या अंगणात पांढरी गाडी लागली. पण नेड्राचं खरं दुखणं रविवारी उपटलं. चर्च सुटल्यावर बायकांनी जनीलला सोडून व्हर्लला घेरलं. "ब्रदर हॅल्व्हर्सन, ही वृत्ती कशी हो कमावलीत?" व्हर्ल म्हणाला, "मी बसून होतो." घेरलेल्यांपैकी दोघी-तिघींनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी फोनवर प्रशिक्षकाच्या जागी व्हर्ल बोलला, जेमतेम अडीच मिनिटं, आणि बाहेरगावची चौदा नवी माणसं आली.

नेड्राने जनीलवर जळणं तेव्हापासून सोडून दिलंय. आता ती व्हर्लवर जळते. तिला हे सोयीचं पडतं. पडदा सारावा लागत नाही, माणूस तिन्ही त्रिकाळ समोरच जेवायला बसलेला असतो.