बाप म्हणजे काय?

"मसुरीच्या आमटीत मीठ कमी पडलंय का हो?" फिलिनाने नवऱ्याला विचारलं.

"मी बापडा अडाणी," फानियास डोळे मिचकावत म्हणाला. "तूच सांग, मीठ म्हणजे काय?"

फिलिनाने पळी आदळली. "त्या अनवाणी मास्तरांच्या नादी लागल्यापासून या घरात एक उत्तर सरळ मिळेल तर शपथ!"

आपल्याला काहीच कळत नाही म्हणायचं, समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि चार प्रश्नांत तोंडघशी पाडायचं, ही अथेन्सच्या पोरांची नवी खोड. मास्तर हे सत्यासाठी करत, फानियास टाळ्यांसाठी. वेड पांघरून पेडगावला जाण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्यात नगराची पदं चिठ्ठ्या टाकून वाटतात, त्या यंदाच्या सोडतीत बाजार निरीक्षक म्हणून त्याचं नाव निघालं. सात पिढ्यांत पहिलाच मान! त्याचा बाप हेगेसिया, जातिवंत कुंभार, चाक थांबवून रडला. आता फक्त पंचांसमोरची चौकशी उरली होती. बाप कोण, पितरांची थडगी कुठे, आईबापाला नीट वागवतोस का, एवढंच विचारतात.

"तिथं तरी शहाणपणा पाजळू नकोस," बापाने बजावलं.

पण समोर पाचशे पंच पाहून फानियासच्या जिभेला खाज सुटली.

"बापाचं नाव?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी अडाणी, साहेब. आपण ज्ञानी. आधी सांगा, बाप म्हणजे काय?"

"जन्म देतो तो!"

"आणि जन्म देऊन पळून जातो तो?"

"तो कसला बाप? सांभाळतो तो बाप!"

"म्हणजे माझी दाई माझा बाप?"

पंच हसून लोटपोट झाले. अधिकारी मात्र लालबुंद झाला. "बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर! बोलवा साक्षीदार!"

हेगेसिया पुढे आला. हातांवर ओली माती तशीच होती.

"हा तुमचा मुलगा?"

म्हाताऱ्याने फानियासला नखशिखान्त न्याहाळलं. "मी अडाणी कुंभार, साहेब. आधी सांगा, मुलगा म्हणजे काय?"

बापानेच ओळख दिली नाही, तर पद राहिलं बाजूला, नागरिकत्वही जायचं.

"बाबा!" फानियास ओरडला. "असं काय करता? तुमचं नाव हेगेसिया! आजोबांचं थडगं वेशीबाहेर, अंजिराखाली! मला ताप आला तेव्हा पाठीवर घेऊन डोंगर उतरलात तुम्ही!"

"आणि आईबापाला नीट वागवतोस का?" आता म्हाताराच विचारत होता.

फानियासची मान खाली गेली. "फारसं नाही, बाबा. चुकलो."

"ओळख पटली, साहेब," म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "हाच तो. एवढं खरं बोलला, तर घ्या पदरात."

पंचांनी हसत हसत मतं टाकली आणि निवड पक्की झाली.

पहिल्याच सकाळी निरीक्षकसाहेबांनी एका टोपलीतला बांगडा नाकाला लावला. "हा शिळा आहे."

कोळणीने पदराला हात पुसले. "मी अडाणी बाई, साहेब. तुम्ही ज्ञानी. आधी सांगा, ताजा म्हणजे काय?"

अख्खा बाजार तराजू टाकून भोवती गोळा झाला. फानियासने मासा हळूच खाली ठेवला आणि बापाला बोलावणं धाडलं.